मोरिवलीची राखाडी शक्तिमान

रविवारी सकाळी मोरिवली गावातला कारखान्यांचा वास थोडा ओसरलेला असे, आणि त्याच सुमारास प्रमोद शेजवळ यांच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत शक्तिमानचे बॉनेट उघडले जाई. त्यावरून शेजारी रविवार ओळखत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल, परंतु एखाद्या रविवारी बॉनेट उघडले नाही, तर कुणीतरी दाराशी येऊन "साहेबांची तब्येत बरी आहे ना?" असे विचारून जाई, हे मात्र खरे.

शेजवळ अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम पाहत. गोळीचे वजन, गोळीचा रंग, गोळी विरघळण्याचा वेळ, सगळे नियमात बसलेले आहे याची खात्री पटल्याखेरीज त्यांच्या सहीने एकही खोका कारखान्याबाहेर जात नसे. घरीही त्यांची राहणी अशीच होती. चपला भिंतीला समांतर ठेवलेल्या, बाहेरच्या खोलीत भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी एका उंचीवर टांगलेल्या, आणि खिळा ठोकण्यापूर्वी ती उंची दोरीने तपासून घेतलेली. असा मनुष्य लष्कराने मोडीत काढलेला अवजड ट्रक विकत घेईल, असे कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते. परंतु २००३ साली त्यांनी तो घेतला, आणि घेताना त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

शक्तिमान ही सैन्याची जुनी मालवाहू गाडी. पुढे लांब नाक, मागे ताडपत्रीचा हौदा, आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी यंत्रणा. आयुष्य संपलेल्या अशा गाड्या सैन्य लिलावात काढते. उल्हासनगर कॅम्प एकमधील टेकचंद सेठ असल्या लिलावांतून माल उचलत आणि त्याचे सुटे भाग विकत. शेजवळ त्यांच्या गोदामात प्रथम गेले ते एक पंप शोधायला. तिथे कोपऱ्यात ही गाडी उभी होती. चाकांत हवा नव्हती, बॉनेटवर कावळ्यांचा राबता होता. शेजवळ तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "ही तोडू नका. मी घेतो."

"साईं, डोकं ठिकाणावर आहे ना?" टेकचंद म्हणाले. "हे बघा, माझा जन्म मिलिट्रीच्या बराकीत झाला. फाळणीनंतर माझ्या बापाला इथं राहायला बराकच मिळाली होती. मिलिट्रीचा माल मी दुधाच्या दातांपासून बघतो. याला लोक कापतात. पाळत नाहीत."

"मी पाळणार आहे," शेजवळ म्हणाले.

त्यांच्या पत्नी माया नगरपालिकेच्या शाळेत शिकवीत. गाडी ओढत आणून घराशेजारी उभी केली त्या दिवशी त्या दारात आल्या, खालपासून वरपर्यंत तिच्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "लोक हौस म्हणून पोपट पाळतात हो. तुम्ही हत्ती आणलात."

त्या हत्तीला उठवायला शेजवळांना दोन वर्षे लागली. इंजिन उघडून त्यांनी प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुतला आणि ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने वर्तमानपत्रांवर मांडून ठेवला. स्प्रिंगांचे गंजलेले पाटे बदलले. अवजड वाहन चालविण्याचा परवाना हवा, म्हणून आपल्या निम्म्या वयाच्या उमेदवारांबरोबर मोटार प्रशिक्षण शाळेत ते रीतसर बसले. तिथे शिकवणारा त्यांना 'काका, क्लच!' म्हणून ओरडे, आणि ते 'होय, सर' म्हणत. अखेर एका सकाळी शक्तिमान खोकली, काळा धूर सोडून थरथरली आणि चालू झाली. शेजवळांना त्याचे आश्चर्य वाटले नाही. जे नीट जुळवले आहे ते चालणारच, अशी त्यांची धारणा होती.

रंगाचा प्रश्न तेवढा त्यांच्या हातात नव्हता. लष्कराचा ऑलिव्ह हिरवा रंग खाजगी वाहनाला देण्यास कायद्याने मनाई आहे. तो रंग फक्त सैन्याच्या गाड्यांचा. म्हणून नोंदणी करताना शेजवळांनी गाडीला राखाडी रंग दिला. रंग उत्तम बसला होता; परंतु एखाद्या हवालदाराला धोतर नेसवावे तशी ती दिसे, असे माया म्हणत.

गाडी दारात आली त्याच आठवड्यापासून गल्लीतली पोरे तिच्यात चढू लागली होती. कुणी स्टिअरिंग फिरवी, कुणी गिअरचा दांडा ओढी. एकदा हातब्रेक सुटून गाडी उताराकडे थोडी सरकली, आणि त्याच संध्याकाळी शेजवळांनी एक पाटी रंगवली. अक्षर त्यांचे मुळातच मोत्यासारखे. पाटीवर लिहिले होते : 'या गाडीस मालकाच्या परवानगीशिवाय हात लावू नये अगर आत बसू नये.' ती पाटी त्यांनी केबिनच्या दारावर स्क्रूने घट्ट बसवली. पोरे वचकली. काम झाले.

या सगळ्या खटाटोपामागे एक गोष्ट होती आणि ती शेजवळांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. त्यांचे वडील शंकरबाबा सैन्यात ड्रायव्हर होते. ऐन उमेदीची सगळी वर्षे त्यांनी शक्तिमान चालवली होती. लहानपणी बाबा सुट्टीवर येत तेव्हा प्रमोदला त्यांच्या हातांना डिझेलचा वास येई. आता बाबा पंचाहत्तरी ओलांडून मुलाकडेच राहत होते. डोळ्यांनी ठीक, कानांनी ठीक, गुडघ्यांनी मात्र कुरकुरत. त्यांना एकदा या गाडीत शेजारी बसवून न्यावे, एवढीच शेजवळांची इच्छा होती.

परंतु गाडी दारात येऊन तीन वर्षे होत आली, तरी शंकरबाबा एकदाही तिच्यात चढले नव्हते. सकाळी फिरायला जाताना ते तिच्यापासून हातभर अंतर राखून जात. शेजवळ इंजिनात डोके घालून काम करत असत तेव्हा बाबा ओट्यावर बसून पाहत, पण जवळ येत नसत. तीन वर्षांत त्यांनी गाडीविषयी एकच वाक्य उच्चारले होते. एकदा मडगार्डसमोर उभे राहून ते म्हणाले होते, "रंग वेगळा आहे."

एका नमुन्यावरून अख्ख्या मालाचा निर्णय करू नये, हे शेजवळ कारखान्यात नव्या तपासनिसांना नित्य सांगत. घरी मात्र त्या एका वाक्यावर त्यांनी पक्का निष्कर्ष काढला. बाबांना ही गाडी परकी वाटते, कारण ती हिरवी नाही.

जानेवारी २००६ मध्ये बदलापूरला परिसरातील माजी सैनिकांचा मेळावा भरणार होता. शंकरबाबा दरवर्षी रिक्षाने जात. यंदा त्यांना शक्तिमानमधूनच न्यायचे, असे शेजवळांनी ठरवले, आणि त्यासाठी जे आयुष्यात कधी केले नव्हते ते करायचे ठरवले. नियम मोडायचा. फक्त मेळाव्यापुरता. सोमवारी पुन्हा राखाडी.

रंग घ्यायला ते टेकचंदांकडे गेले. टेकचंदांनी गल्ल्यावरून मान वर केली.

"साईं, हा रंग मारू नका. पोलीस एक वेळ सोडेल. पण हा रंग चांगला नाही."

"रंग चांगला नाही म्हणजे? माल खराब आहे?"

"माल एकदम असली आहे. म्हणूनच सांगतो, मारू नका."

शेजवळांना हे तर्कशास्त्र पटले नाही. ते डबे घेऊन आले.

बाबांना काही कळू नये म्हणून त्यांची रवानगी आठवडाभर पालेगावला, शेजवळांची बहीण उमा हिच्याकडे केली. मायांना मात्र सगळे दिसतच होते.

"तुम्ही?" त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "रस्त्यावर चिटपाखरू नसताना लाल सिग्नलला थांबणारा माणूस बेकायदा रंग देणार?"

"बाबांसाठी."

"मामांना विचारलंत?"

"विचारलं तर गंमत काय राहिली?"

आत जाताना मायांनी मान हलवली, ती होकारार्थी नव्हती.

शेजवळांनी टेकचंदांकडचा सदू पेंटर बोलावला आणि स्वतः त्याच्या शेजारी उभे राहून काम करून घेतले. चकाकी अजिबात नको. सैन्याची गाडी उन्हात चमकता कामा नये. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोल फुगवटा असतो, तो त्यांनी पांढऱ्या रंगाने रंगवला आणि त्याच्यावर उजेड पडेल असा छोटा दिवा बसवला. ही सैन्यातली जुनी पद्धत. दिवे मालवून ताफा चालतो तेव्हा मागच्या ड्रायव्हरला पुढच्या गाडीचे एवढेच दिसते. पांढरा गोल पाहायचा आणि त्याच्या मागे जायचे. काम संपल्यावर शेजवळ रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. गाडी हुबेहूब उतरली होती. आपला अंदाज चुकलेला असेल ही शक्यता त्यांच्या मनाला शिवलीही नाही.

मेळावा रविवारी होता. गुरुवारी दुपारी उमाने बाबांना रिक्षाने पोहोचवले. हातात कापडी पिशवी घेऊन शंकरबाबा उतरले, दोन पावले चालले आणि जागच्या जागी थांबले. त्यांची पाठ एकदम ताठ झाली. पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात गेली; सलामाचा हात मोकळा झाला.

"कोण आलंय?" त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

"कोण म्हणजे?"

"गाडी कुठल्या युनिटची? कुणी साहेब आलेत का घरात?"

शेजवळांचा चेहरा उजळला. "बाबा, आपलीच आहे! शक्तिमान. रविवारी मेळाव्याला तुम्ही हिच्यातूनच यायचं."

शंकरबाबांनी गाडीकडे पुन्हा पाहिले. मग मुलाकडे पाहिले. पाठ पुन्हा वाकली.

"आपली? मग तिला हा रंग कसा?"

"तुमच्यासाठी दिला."

"मी मागितला होता?"

माया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मी पेन्शनीवर आलो तेव्हा वर्दी जमा करून आलो," शंकरबाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पट्टा, बूट, टोपी, सगळं. ट्रंकेत एक बटणसुद्धा ठेवलं नाही. लोक ठेवायचे. मी नाही ठेवलं. आता या वयात खोटी वर्दी घातलेल्या गाडीतून मेळाव्याला जाऊ? तिथं सगळी खरी माणसं येतात रे."

"बाबा, एका दिवसापुरतं..."

"एका दिवसापुरता कुणी हवालदार होतो का? मी रिक्षाने जाईन. नाहीतर जाणारच नाही."

ते आत गेले. उमाने भावाकडे पाहिले आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चला दादा, परत. इथं आज चहा मिळायचा नाही."

संध्याकाळी माया पोह्यांच्या दोन बशा घेऊन ओट्यावर आल्या. एक सासऱ्यांपुढे ठेवली, दुसरी नवऱ्यापुढे. "बोला आता," एवढेच म्हणून त्या आत गेल्या.

शेजवळ बराच वेळ पोह्यांतले शेंगदाणे एका बाजूला करत राहिले. मग म्हणाले, "हिरवी चालत नाही, हे समजलं. चूक झाली. पण बाबा, राखाडी होती तेव्हा तरी तुम्ही कुठे बसलात? तीन वर्षं दारात उभी आहे."

"तू बस म्हणालास कधी?"

"मी? तुम्हाला? घरच्या माणसाला काय सांगायचं असतं?"

शंकरबाबांनी बोट उचलून गाडीच्या दाराकडे दाखवले. "पाटी कुणी लावली?"

"अहो, ती पोरांसाठी होती!"

"तसं लिहिलंय तिच्यावर?"

शेजवळांनी पाटी मनातल्या मनात वाचली. तसे लिहिलेले नव्हते.

"पोरांनी बसू नये, असं लिहायचं होतंस," शंकरबाबा म्हणाले. "तू सगळ्यांसाठी लिहिलीस. मी सगळ्यांत येतो. आणि नियम चुकीचाही नाही. आमच्यात गाडी ज्याच्या ताब्यात, त्यानं म्हटल्याशिवाय दुसरा ड्रायव्हर केबिनला हात लावायचा नाही. मित्र असला तरी. मी कुणाच्या गाडीत असा उठून बसलो नाही, मग तुझ्या कसा बसू? वाटलं, म्हणेल एक दिवस. तू दर रविवारी खाली मुंडी घालून नट पिळतोस. वर बघितलंस तर म्हणशील ना?"

"आणि ते 'रंग वेगळा आहे' म्हणाला होतात, ते?"

"वेगळा होता, म्हणून वेगळा म्हणालो. चांगला होता."

आतून मायांच्या हसण्याचा आवाज आला. तो त्यांनी दाबला, पण उशिरा. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिले नाही. दोघांनीही पोहे खायला घेतले. दोन नियमप्रिय माणसे एका पाटीच्या दोन बाजूंना तीन वर्षे उभी होती, आणि पाटीवरचे शुद्धलेखन अगदी निर्दोष होते.

खचून जाणे शेजवळांच्या स्वभावात नव्हते. मालात दोष सापडला की तो दूर करायचा. त्यासाठी हळहळण्याची गरज नसते. शुक्रवारी सकाळी त्यांनी रजा टाकली आणि ते कॅम्प एकला पोहोचले.

"राखाडी," ते म्हणाले. "पूर्वीचाच."

टेकचंदांनी डबे काढले. पैसे घेताना मात्र त्यांना राहवले नाही. "साईं, मी बोललो होतो ना?"

"बोलला होतात. कारण सांगितलं असतंत, तर ऐकलं असतं."

"कारण सांगायला घरी बाप असतो. मी दुकानदार आहे."

सदू पेंटर हत्यारे घेऊन आला तो हसतच. "साहेब, एका आठवड्यात दोन रंग. गाडी आहे का सरडा?" पण हात त्याचा चांगला होता. शनिवारी दुपारपर्यंत हिरव्याचा मागमूस उरला नाही. शेवटी तो गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि विचारू लागला, "मागचा पांढरा गोळा पण बुजवू का?"

"तो राहू दे," ओट्यावरून आवाज आला. शंकरबाबा काठी टेकत हातभर अंतरावर येऊन उभे राहिले आणि त्यांनी वाकून पाहिले. "त्याला कुणाची मनाई नाही. लोक मला विचारतात, इतकी वर्षं पहाडात होतात, हिमालय कसा दिसतो? काय सांगू त्यांना? मी फक्त पुढच्या गाडीचा हा गोळा बघितलाय."

रविवारी सकाळी शेजवळ स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीपाशी गेले आणि पाटीचा पहिला स्क्रू सैल करू लागले.

"काढू नकोस," शंकरबाबा म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, दाढी गुळगुळीत केली होती. "पाटी चांगली आहे. अक्षर चांगलं आहे."

शेजवळांनी स्क्रू पुन्हा पिळला. मग त्यांच्या लक्षात आले की बाबा दारापाशी नुसते उभे आहेत. हात मागे बांधलेले. दाराच्या कडीपासून हातभर लांब.

गुरुवारपासून शेजवळांनी एक वाक्य मनात शंभर तऱ्हांनी सजवले होते. आता त्यातले दोनच शब्द बाहेर आले.

"बाबा, बसा."

"थांब." शंकरबाबा वळले आणि गाडीभोवती चालू लागले. "निघण्याआधी फर्स्ट परेड. पाणी?"

"पाहिलं."

"तेल?"

"पाहिलं."

"ब्रेक?"

"पाहिले. बाबा, मी रोज औषधं तपासतो हो."

"औषधाला ब्रेक नसतो." त्यांनी प्रत्येक चाकावर काठी आपटून पाहिली, मागच्या पांढऱ्या गोळ्याकडे एक नजर टाकली आणि समाधानाने दार उघडले.

पायरी उंच होती. माया घरातून स्टूल घेऊन धावल्या. "मामा, याच्यावर पाय ठेवा."

"शक्तिमानला स्टूल लावणारा मी पहिलाच ड्रायव्हर असणार," असे पुटपुटत ते चढले.

"मी रिक्षाने पुढे होते," माया म्हणाल्या. "रस्ता मोकळा ठेवा म्हणून सांगते सगळ्यांना."

इंजिन चालू झाले. शंकरबाबांनी डोके किंचित कलते करून ऐकले. "फार गुळगुळीत चालतंय. आमची अशी नव्हती. आमची शिव्या द्यायची."

शेजवळांनी हे शब्द प्रशस्तिपत्रकासारखे मनात जपून ठेवले. गाडी बदलापूर रस्त्याला लागली. चढ आला. शेजवळांनी क्लचवर पाय दिला, आणि त्याच क्षणी त्यांना डावीकडे हालचाल जाणवली. बाबांचा डावा पाय केबिनच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला गेला होता. गिअर पडला, पाय सुटला. पुढच्या चढालाही तसेच. मग शेजवळ मुद्दामच गिअर जरा अधिक वेळा बदलू लागले.

मैदानावर गाडी शिरली तेव्हा मंडपाबाहेरची सारी डोकी वळली. शंकरबाबांचे जुने स्नेही सोमा, बदलापूर गावातलेच, हात पुढे करून लगबगीने आले.

"काय रं शंकर! ही रं कोनाची गाडी?"

शंकरबाबा खिडकीतून वाकले. "प्रमोद शेजवळची," ते मोठ्याने म्हणाले. "मी परवानगीनं बसलोय."

सोमांचा हात दाराच्या कडीकडे गेला.

"पाटी वाच आधी," शंकरबाबांनी बजावले.

सोमांनी चष्मा सारखा केला, पाटी वाचली आणि हात मागे घेतला. मग ते गाडीला वळसा घालून शेजवळांच्या खिडकीपाशी आले आणि नुसते उभे राहिले. त्यांच्या मागे एक टोपीवाले गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे आणखी कुणी. कुणी काही मागत नव्हते. सगळे वर पाहत होते.

शेजवळ खाली उतरले. त्यांनी सोमांसाठी आपल्या बाजूचे दार पूर्ण उघडून धरले. "काका, बसा," ते म्हणाले, आणि हे शब्द आता त्यांना मुळीच जड गेले नाहीत.

सोमा स्टिअरिंगमागे चढून बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी चाक धरले. मंडपातून ध्वनिवर्धकावर कुणीतरी सर्वांनी स्थानापन्न व्हावे अशी विनंती करत होते. खुर्च्या रिकाम्याच होत्या. रांगेतले टोपीवाले गृहस्थ अधीर झाले आणि त्यांनी शंकरबाबांना हाक मारली, "अहो शेजवळ, तुम्ही तरी उतरा आता. तुमची जागा द्या कुणाला."

"विचारा त्याला," शंकरबाबा मुलाकडे बोट करून म्हणाले. "मला बस म्हणालाय. अजून ऊठ म्हणालेला नाही."

शेजवळांनी तसे म्हटले नाही.